शरियतची चाळणी आणि ताडोबाचा कोळसा

मोहर्लीच्या प्रवेशद्वारापुढे पहाटेच जिप्सींची रांग लागते. वाघ पाहण्यास आतुर झालेल्या त्या पर्यटकांपैकी कितीजणांना लोहाऱ्याचे नाव ठाऊक असेल? याच अरण्याच्या कुशीत तेथे कोळशाची खाण होऊ घातली होती. चंद्रपूरकर वन्यजीवप्रेमींनी उपोषणापर्यंत ताणून धरले, म्हणूनच २००९च्या सुमारास केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाला तो प्रस्ताव रोखावा लागला.

अशी खाण खोदणारी कंपनी ‘शरियतसंमत’ गुंतवणुकीच्या चाळणीत टाकली असती तर? मद्य विकता काय, जुगार चालवता काय, डुकराच्या मांसाचा व्यापार करता काय, व्याज किती घेता, हे प्रश्न जरूर आले असते. १९९९ साली सुरू झालेल्या डाऊ जोन्स इस्लामी निर्देशांकाच्या कसोटीनुसार कर्ज बाजारमूल्याच्या एकतृतीयांशाहून कमी असले की कंपनी त्या निकषावर उत्तीर्ण! उखडलेला साग, अडलेला वाघाचा मार्ग, इरईचे गढूळ पाणी यांना त्या गणितात स्थान नाही. मुंबई शेअर बाजारानेही डिसेंबर २०१०मध्ये असाच ‘टॅसिस शरिया ५०’ निर्देशांक आणला. २०१४मध्ये स्टेट बँकेचा शरिया फंड ऐनवेळी लांबणीवर पडला, तेव्हा वाद झडला तो धर्मनिरपेक्षतेवर. नीतिमान कंपनी कोणती, हा मूळ प्रश्न बाजूलाच राहिला.

इस्लामी परंपरेत निसर्गविचार नाही, असे म्हणणे अज्ञानाचे ठरेल. चराई व वृक्षतोड रोखणारी ‘हिमा’ ही राखीव भूमीची पद्धत अरबस्तानात प्राचीन आहे. माणूस हा सृष्टीचा मालक नव्हे, विश्वस्त आहे, ही तेथील शिकवण. इंडोनेशियाच्या उलेमा परिषदेने तर २०१४मध्ये दुर्मीळ प्राण्यांच्या रक्षणासाठी फतवा काढला. सुमात्राचा वाघ त्याच प्राण्यांतला!

मग हे विचार ताळेबंदात का उतरत नाहीत? व्याज मोजता येते, अरण्य मोजता येत नाही. आणि मोजता येते तेवढ्यालाच धर्म मानण्याची सोय धर्मपंडितांनी करून दिली आहे. इंडोनेशियाने २०१८मध्ये ‘हरित सुकूक’ रोखे विकले. कोळशाची निर्यात मात्र चालूच राहिली. २०१९मध्ये बाजारात उतरलेल्या सौदी आरामकोचा समभागही शरियतसंमत ठरला. खनिज तेलाच्या धुराला कुठल्याच फतव्याने अडवले नाही.

आपल्या उद्योगपतींनी यावर हसू नये. भूमिपूजनाचा नारळ फोडून त्याच भूमीची आतडी बाहेर काढणारे अस्सल स्वदेशी आहेत. २०१३च्या कंपनी कायद्याने सामाजिक दायित्वासाठी नफ्याचे दोन टक्के ठरवले, तेव्हापासून शाळेला बाके देऊन खाणीचे पाप धुता येते, असा समज बळावला आहे. वाघाच्या झुंजीत पडलेल्या तारू या गावप्रमुखाला देव मानून तळ्याकाठी पूजणाऱ्या गोंडांना असा हिशेब कधी सुचला नाही.

सेबीने २०२२-२३पासून पहिल्या हजार नोंदणीकृत कंपन्यांना शाश्वततेचा अहवाल सक्तीचा केला आहे. त्या अहवालाला खाणीभोवतालच्या ग्रामसभांचे निवेदन जोडण्याची सक्ती करावी. शरिया मंडळांनीही प्रमाणपत्रावर सही करण्यापूर्वी ते वाचावे.