पायाखालची वाळू

घोडा घेणं सोपं असतं बॉस, त्याला जमीन देणं महाकठीण! गोंदिया जिल्ह्यातल्या सालेकसा तालुक्यात राहणाऱ्या आमच्या काकाजींनी सारंगखेड्याच्या बाजारातून घोडी आणली. म्हणजे पार नंदुरबारहून, महाराष्ट्राच्या त्या टोकापासून या टोकापर्यंत. आता तिला शिकवायला घरीच रिंगण हवंय. आपल्याला रिंगण म्हटलं की वारी आठवते. पण वारीतला घोडा तिथे घटकाभर धावतो. ही बाई रोज त्याच जागी दुडक्या चालीनं आठचे आकडे काढणार. जमीन टणक असेल तर सांधे जातात, वाळू फार खोल असेल तर टेंडन.

माप २० बाय ४० मीटर. सगळे बोलतात ते वाळूबद्दल. तीन इंचांचा थर म्हणजे साधारण २२ ब्रास. (तुमचा ईएमआय एकदम गोंडस वाटायला लागेल.) पण खरी भानगड वाळूच्या खाली असते.

काकाजींच्या डोळ्यांसमोर होती घरामागची बांधी, म्हणजे बांध घातलेला धानाचा तुकडा. सपाट, आयती जागा. आणि इथेच गोची! पिढ्यान्‌पिढ्या चिखलणी करून त्या मातीखाली असा घट्ट थर बसलाय की पाणी खाली मुरतच नाही. धानाला तेच हवं असतं, रिंगणाला नेमकं उलटं. वर कितीही झकास वाळू ओता, जुलैत तिचं शिकरण होणार.

आजीचा मुद्दा त्याहून रोकडा. ‘एकदा खडी पडली का त्या बांधीत धान होत नाही.’ बरोबरच आहे, ती खडी वेचत कोण बसणार?

मी मत दिलं भरडीला. घराच्या वरच्या अंगाची, मुरमाड, धानाला नकोशी जमीन. वरची माती काढायची, मुरूम रोलरनं दाबायचा, १०० ला १ असा उतार द्यायचा, कडेनं चर खणायचा. त्यावर खडी, मग रस्तेवाले अंथरतात ते जिओटेक्स्टाइल कापड, शेवटी वाळू. तीही नदीतली गोल दाण्यांची नको, पायाखाली गोट्यांसारखी घरंगळते. टोकदार कणांची, धुतलेली हवी. आधी दोनच इंच टाकायची. कमी पडली तर वाढवता येते, जास्त झालेली उपसणार कोण?

काम सुरू होताच शंकरपटाचे शौकीन हजर. २०१४ ते २०२१ शर्यतींवर बंदी होती, पण या लोकांची जमिनीची पारख काही गेली नाही. आले, टाच रुतवून बघितली, हातानं मुरूम चोळला. फी न घेणारे कन्सल्टंट! त्यांचा सल्ला एकच: ‘एक पावसाळा पाणी कोठं थांबते ते पाहा, मंग वाळू टाका.’

काकाजींनी तो मानलाय. खडी जूनच्या आत पडेल, वाळू दिवाळीनंतर. तोवर घोडी रोज सकाळी दोरीवर गावरस्त्यानं चालणार. आणि आजीचे पऱ्हे त्याच बांधीत, वेळेवर.