शेजाराचेही पुनर्वसन हवे

आपत्तीतून वाचलेल्या वृद्धाला निवारा दिला की समाजाचे कर्तव्य संपते, हा भ्रम जपानला महाग पडला. १७ जानेवारी १९९५ रोजी कोबे परिसरातील भूकंपाने ६,४०० हून अधिक बळी घेतले. बेघरांना तात्पुरती घरे सोडतीने देण्यात आली आणि त्यांत वृद्धांना अग्रक्रम मिळाला. हेतू निःसंशय चांगला होता. परंतु आयुष्यभराचे शेजारी पांगले आणि अनोळखी वस्त्यांत थकलेली माणसे एकाकी पडली. ही घरे रिकामी होईपर्यंत दोनशेहून अधिक जणांनी बंद दाराआड, कुणाच्या नकळत प्राण सोडले.

११ मार्च २०११ च्या त्सुनामीनंतर इवानुमा शहरात काही वस्त्या एकत्रितपणे हलविण्यात आल्या. पासष्ट वर्षे व त्यावरील रहिवाशांच्या अभ्यासात दिसले ते असे : शेजाऱ्यांसह गेलेल्यांचे परस्परांकडे जाणे-येणे वाढले, तर सोडतीने एकेकटे गेलेल्यांचे घटले.

अन्न, औषध आणि छप्पर यांची तरतूद शासन करू शकते. रात्री झोप लागली का, हे सकाळी दारात येऊन विचारणारा शेजारीच असतो. म्हणून मदतकार्यात उतरणाऱ्या प्रत्येक कार्यकर्त्याने वृद्धाच्या नावापुढे त्याच्या शेजाऱ्यांची नावेही नोंदवावीत आणि घरे देताना ती यादी पुढे ठेवावी.