अंधारातील भांडवल

पौषातील निरभ्र रात्री वृषभ तारकासमूहात तांबूस रोहिणी आणि कृत्तिकांचा पुंजका सहज ओळखता येतो. याच परिसराच्या छायाचित्रांत मात्र काही जागा तारे पुसून टाकावेत तशा काळ्या दिसतात. अशा काळ्या जागा म्हणजे आकाशाला पडलेली छिद्रे होत, असे विल्यम हर्शल यांना वाटले होते. पुढे एडवर्ड बर्नार्ड या अमेरिकी खगोलशास्त्रज्ञाने वर्षानुवर्षे छायाचित्रे घेऊन 1919 मध्ये अशा 182 जागांची सूची प्रसिद्ध केली. त्यांतील बहुतेक जागा रिकाम्या नसून, मागील ताऱ्यांचा प्रकाश अडविणाऱ्या द्रव्याने भरलेल्या आहेत, हे हळूहळू स्पष्ट झाले.

हे द्रव्य म्हणजे वायू आणि धूळ. वायूत मुख्यत्वे हायड्रोजन. धुळीचा वाटा वजनाने शंभरात सुमारे एक. तापमान शून्याखाली सुमारे 263 अंश सेल्सिअस. ही थंडीच ताऱ्याच्या जन्मास उपकारक ठरते. तप्त वायू आपल्या दाबाने गुरुत्वाकर्षणास रोखून धरतो; थंड वायूचे ते बळ ओसरते आणि मेघ स्वतःच्याच भाराने आत ढासळू लागतो. मध्यभागी तारा आकार घेतो, आणि फिरत राहिलेले उरलेले द्रव्य त्याच्याभोवती तबकडीसारखे पसरते.

या तबकडीतील थंड धूळ डोळ्यांना दिसत नाही. तिच्यापासून मिलिमीटर लांबीच्या लहरी निघतात. हवेतील बाष्प त्या लहरी शोषून घेते. म्हणून चिली देशातील अत्यंत कोरड्या अटाकामा वाळवंटात, सुमारे 5,000 मीटर उंचीवर, ‘अल्मा’ ही 66 अँटेनांची दुर्बीण उभारण्यात आली. 2014 मध्ये तिने वृषभातील ‘एचएल टॉरी’ या सुमारे 450 प्रकाशवर्षे दूर असलेल्या ताऱ्याचे चित्र टिपले. तबकडीत एकात एक तेजस्वी कडी आणि त्यांमध्ये काळसर पट्टे! घडणारे ग्रह आपल्या वाटेतील द्रव्य गोळा करीत असल्याने हे पट्टे पडले असावेत, असे अनेक शास्त्रज्ञांना वाटते. ताऱ्याचे वय जेमतेम दहा लाख वर्षे. इतक्या लवकर ग्रहांची घडण सुरू होत असेल, अशी अपेक्षा नव्हती. 2018 मध्ये ‘पीडीएस 70’ या दुसऱ्या ताऱ्याच्या तबकडीतील पोकळीत तर घडणारा ग्रहच छायाचित्रात सापडला.

या घडणीला मुदत असते. तबकडीतील वायू काही दशलक्ष वर्षांत विरून जातो. गुरूसारख्या महाकाय ग्रहाला आपला वायूचा साठा त्यापूर्वीच जमवावा लागतो. मुदत टळली की ती संधी पुन्हा येत नाही. खडकाळ ग्रह मात्र त्यानंतरही धुळीपासून बनलेले लहानमोठे गोळे एकत्र येऊन वाढत राहतात.

आपल्या सूर्यमालेचा ताळेबंद पाहिला, तर 99.8 टक्क्यांहून अधिक वस्तुमान एकट्या सूर्याच्या खाती जमा आहे. पृथ्वीच्या वाट्याला आले ते सूर्याच्या सुमारे 3,33,000 व्या भागाइतके. ‘एचएल टॉरी’च्या तबकडीत पृथ्वीवरील सर्व महासागरांच्या किमान तिप्पट पाणी वाफेच्या रूपात असल्याचे 2024 मध्ये आढळले. पृथ्वीवरील खडक, रक्तातील लोह आणि हाडांतील कॅल्शियम यांचीही मूळ नोंद अशाच एका थंड मेघात सापडते. ज्याला एकेकाळी आकाशातील छिद्र समजले गेले, तेथेच उद्याच्या सूर्यांचे आणि पृथ्वींचे भांडवल कणाकणाने साठत आहे.