नाचणीला पिठीची सोबत हवी

२०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष झाले आणि नाचणीचे गुणगान घराघरांत पोचले. त्यात खोटे काही नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७च्या तक्त्यांनुसार १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३६४ मिलिग्रॅम कॅल्शियम आणि ११ ग्रॅम तंतुमय पदार्थ असतात. सडलेल्या पांढऱ्या तांदळात कॅल्शियम १० मिलिग्रॅमही भरत नाही. तरीही अनेक घरांत चार दिवस भाकरी होते आणि मग पिठाचा डबा मागे सरकतो. याचे कारण माझ्या मते सरळ आहे. आपण नाचणी औषध म्हणून सांगतो, जेवण म्हणून वाढत नाही. तक्ता एकेक धान्य मोजतो, पण माणूस जेवतो ते ताट. गार झालेली नाचणीची भाकरी सुक्या भाजीबरोबर घशाखाली उतरत नाही. तीच तव्यावरून थेट ताटात आली, शेजारी लसणीच्या फोडणीची, आमसुलाने किंचित आंबट झालेली कुळथाची पिठी असली, तर आग्रह करावा लागत नाही. रत्नागिरीच्या शेतीतच ही जोडी जुळलेली आहे: वरकस उतारावर नाचणी, आणि भात कापल्यावर जमिनीत उरलेल्या ओलीवर कुळीथ. कुळथात १०० ग्रॅममागे सुमारे २२ ग्रॅम प्रथिने असतात, म्हणजे नाचणीच्या जवळजवळ तिप्पट. पोट भरल्याची भावना टिकते ती अशा प्रथिनांनी आणि तंतूंनी. सिडनीत १९९५ साली ३८ पदार्थ समान उष्मांकात खायला देऊन दोन तास भूक मोजली गेली, तेव्हा पोट भरण्यात उकडलेल्या बटाट्याखालोखाल मासा ठरला आणि लोणीदार क्रोसाँ तळाला गेला. तिरफळ घातलेले बांगड्याचे कालवण आणि भाकरी जेवलेल्याला यात नवल वाटणार नाही.

कोकणी जेवणातला नारळ आणि खारवलेली सुकी मासळी यांवर डॉक्टर बोट ठेवतात, आणि ते योग्यच आहे. मात्र पिठीला नारळ लागतच नाही, आंबटपणा आमसूल देते. सुका बांगडा नीट भिजवून, धुऊन, तोंडी लावण्यापुरताच घ्यावा. खरा आक्षेप वेळेचा आहे. भाकरी थापायला हात आणि सवय लागते, आणि ते काम आजही घरातल्या बाईवरच पडते. परंपरेचे कौतुक करणाऱ्यांनी हे विसरू नये. म्हणून घरातल्या मुलग्यांनी आणि पुरुषांनी भाकरी शिकली पाहिजे. ज्या दिवशी जमणार नाही त्या दिवशी पिठी-भात करावा. भाजलेल्या कुळथाचे पीठ घरात असेल तर पिठी पंधरा मिनिटांत होते. आणि हे ओझे फक्त घरावर का टाकायचे? रत्नागिरीतल्या खानावळींनी, वसतिगृहांनी आणि कार्यालयांच्या उपाहारगृहांनी आठवड्यातून दोन दिवस गरम भाकरी आणि पिठी ठेवावी, ‘पौष्टिक’ अशी पाटी न लावता, रोजच्या थाळीच्याच दरात.