सूतिकागृहाच्या दारापलीकडे

बाळंतपण घरातून रुग्णालयात आले, ही गेल्या काही दशकांतील मोठी सामाजिक सुधारणा होय. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील सुमारे ९५ टक्के प्रसूती रुग्णालयांत झाल्याचे आढळले. या यशाचे मोल आम्ही कमी लेखीत नाही. परंतु प्रसूती सुखरूप झाली की सारेच सुखरूप झाले, ही त्याबरोबर रूढ झालेली समजूत आम्हांस धोक्याची वाटते.

निसर्गाचे वेळापत्रक रुग्णालयाच्या वेळापत्रकाशी जुळत नाही. अतिरक्तस्रावाचे भय पहिल्या चोवीस तासांत सर्वाधिक असते, हे खरे. पण मातेला दूध उतरते ते तिसऱ्या दिवसाच्या सुमारास. बालकाची कावीळ बहुधा तिसऱ्या ते पाचव्या दिवशी वाढते. जंतुदोषाचा ताप आणि रक्तदाबाचे झटके त्यानंतरही उद्भवतात. नैसर्गिक प्रसूतीनंतर दुसऱ्या दिवशी घरी धाडलेल्या बाळंतिणीला यांपैकी पुष्कळ संकटे घरीच गाठावयाची. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये किमान चोवीस तासांचा मुक्काम आणि पुढील सहा आठवड्यांत निदान तीन तपासण्या सुचविल्या, त्या याच कारणाने.

'त्यासाठी माहेर आहे की!' असे कोणी म्हणेल. माहेरची माया, शेकशेगडी व डिंकाचे लाडू यांचे महत्त्व आम्ही जाणतो. परंतु मायेने रक्तदाब मोजता येत नाही. शिवाय आजची आजी पुष्कळदा स्वतःच नोकरीत असते, किंवा दूरच्या गावी. जुनी सुईण गेली, तिच्या अस्वच्छ हत्यारांसह गेली, हे इष्टच झाले. मात्र रोज घरी येऊन बाळंतिणीची विचारपूस करणारे माणूसही तिच्याबरोबर गेले. ती जागा रिकामीच राहिली.

ती भरता येते, हे डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत दाखवून दिले आहे. प्रशिक्षित ग्रामीण स्त्रियांनी घरोघर जाऊन केलेल्या शुश्रूषेने नवजात बालकांचे मृत्यू निम्म्याहून अधिक घटल्याचे १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच धर्तीवर २०११ पासून देशभर आशा कार्यकर्त्या बेचाळीस दिवसांत ठरलेल्या भेटी देऊ लागल्या. पण शहरांत ही सोय मुख्यतः गरीब वस्त्यांपुरती आहे. खेड्यातील बाळंतिणीच्या दारी निदान कोणीतरी येते; शहरातील सदनिकेच्या दाराची घंटा कोणीच वाजवीत नाही!

केंद्र सरकारने २०१८ मध्ये परिचारिकांना अठरा महिन्यांचे प्रसाविका-शिक्षण देण्याचे धोरण आखले. अशा प्रसाविकेचे कार्य प्रसूतिकक्षात संपता कामा नये. महापालिकांनी तिच्या गृहभेटींची व्यवस्था करावी, आणि खासगी रुग्णालयांनी तिसऱ्या व सातव्या दिवसाची भेट प्रसूतीच्या शुल्कातच समाविष्ट करावी. नेदरलँडमध्ये पहिल्या आठवड्यातील घरपोच शुश्रूषेचा बहुतांश भार मूलभूत आरोग्यविमा वाहतो. आमच्या विमा कंपन्यांनाही तो जड जाऊ नये.

प्रसूती हा एका दिवसाचा सोहळा नव्हे. बाळंतीण सूतिकागृहाचे दार ओलांडते, तेथे समाजाची जबाबदारी संपत नाही. ती खरी तेथूनच सुरू होते.