नवरदेवाविना लग्न

वडोदऱ्यातील एका चोवीस वर्षांच्या तरुणीने २०२२ च्या जूनमध्ये स्वतःशीच विवाह करण्याचा मनोदय जाहीर केला, तेव्हा एकच गहजब उडाला. देवळात असला सोहळा होऊ देणार नाही, असे सत्ताधारी पक्षाच्या एका स्थानिक पदाधिकारी बाईंनी बजावले. भटजींनीही माघार घेतली. अखेर ११ जूनचा ठरलेला मुहूर्त सोडून ८ जूनलाच तिने घरच्या घरी, ध्वनिमुद्रित मंत्रांच्या साथीने, विधी उरकला. हळद होती, मेंदी होती, मंगळसूत्र होते. नव्हता तो फक्त नवरदेव.

कायद्याच्या लेखी या विधीला किंमत नाही. १९५५ चा हिंदू विवाह कायदा घ्या की १९५४ चा विशेष विवाह कायदा घ्या, दोहोंना विवाहासाठी दोन व्यक्ती लागतात. म्हणजे या समारंभाने कोणाचा हक्क गेला नाही, कोणावर बोजा पडला नाही. मग एवढा संताप कशासाठी?

प्रतीकात्मक विवाहाचे आपल्याला वावडे कधीच नव्हते. दर कार्तिकात आपण तुळशीचे लग्न लावतो. पत्रिकेतील दोष टळावा म्हणून मुलीचे लग्न कुंभाशी लावले जाते. तिसऱ्यांदा बोहल्यावर चढणाऱ्या पुरुषासाठी रुईच्या झाडाशी अर्कविवाह सांगितला आहे. खंडोबाला वाहिलेल्या मुरळ्यांना तर अशा लग्नाची किंमत उभ्या आयुष्याने मोजावी लागली. तेव्हा धर्म बुडाला नाही. तो एका मुलीने स्वतःच्या मर्जीने कुंकू लावल्यावर कसा बुडतो?

तरीही या विधीचे कौतुक करणे आम्हांला जमत नाही. सप्तपदीची सात पावले दुसऱ्यासोबत टाकावयाची असतात. दुसऱ्याचे सुखदुःख पत्करणे हाच विवाहाचा गाभा होय. स्वतःला दिलेले वचन मोडले तर जाब विचारणार कोण? शिवाय जपानमधील क्योतो येथे २०१४ साली एका प्रवासी कंपनीने एकट्या वधूसाठी दोन दिवसांची योजनाच विक्रीस काढली. हौसेमागून बाजार येतो तो असा.

पण खरी खंत निराळीच आहे. लग्नावाचून जगू पाहणाऱ्या मुलीलाही मान मिळवण्यासाठी पुन्हा मंगळसूत्राचाच आधार घ्यावासा वाटावा, हा दोष तिचा की आपला? धाकट्या भावंडांची शिक्षणे पुरी करताना स्वतः अविवाहित राहिलेल्या शिक्षिका, कारकून बाई आपल्या प्रत्येकाच्या पाहण्यात आहेत. त्यांना भाड्याने घर देताना आपण दहा प्रश्न विचारतो आणि हळदीकुंकवाचे बोलावणे करताना मात्र विसरतो. गर्भपाताच्या बाबतीत विवाहित व अविवाहित स्त्री असा भेद करता येणार नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २०२२ रोजी दिला. न्यायालयाला उमगले ते आपल्या माजघरात केव्हा पोहोचणार?

एकट्या स्त्रीला ती आहे तशी प्रतिष्ठा द्या. स्वतःशी लग्न लावण्याची गरज तिला मग भासणार नाही.