रोहिणी म्हणजे नळ नव्हे



गेली वीस वर्षे मी महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवीत आहे. द्रवाच्या प्रवाहाचा पाठ आला की फळ्यावर नळी काढायची, तिची त्रिज्या निम्मी झाली तर प्रवाह सोळाव्या हिश्श्यावर येतो हे दाखवायचे आणि शेवटी "हृदयाच्या रोहिणीचेही असेच बरे का!" असे म्हणून खडू खाली ठेवायचा, हा माझा नेम. हे शेवटचे वाक्य मी आता उच्चारीत नाही. इतर शिक्षकांनीही ते टाकून द्यावे असे माझे मत आहे.

माझ्या मामांना हृदयविकाराचा झटका आला, तेव्हा त्यांच्या रोहिणीत स्टेंट बसवला. स्टेंट म्हणजे धातूची बारीक जाळीदार नळी. मिटलेल्या फुग्यावर चढवून ती अडथळ्यापाशी नेतात. फुगा फुगवला की जाळी उमलते आणि भिंतीला टेकून राहते. "नळ मोकळा झाला, मामा!" असे मीच त्यांना म्हणालो. चौथ्या महिन्यात त्यांना दाढ काढायची होती. रक्त थांबणार नाही या भीतीने त्यांनी आपल्या मनानेच गोळ्या सोडल्या. नळ मोकळा असताना गोळ्या कशाला? आठवडाभरात स्टेंटमध्ये गुठळी झाली. वेळेवर रुग्णालय गाठले म्हणून ते वाचले.

कुठे चुकले? नळाला आतून जिवंत अस्तर नसते, रोहिणीला असते. ते जेमतेम एका पेशीच्या जाडीचे, पण नायट्रिक ऑक्साइड आणि प्रोस्टासायक्लिन अशी द्रव्ये ते सतत सोडते, त्यामुळे रक्तबिंबिका, म्हणजे प्लेटलेट, तिथे चिकटत नाहीत. फुगा फुगताना हे अस्तर फाटते. खाली उघडी भिंत आणि वर परका धातू! एका घन मिलिमीटर रक्तात दीड ते साडेचार लाख रक्तबिंबिका असतात. त्यांतल्या काही तिथे चिकटतात, चपटा आकार सोडून काटेरी होतात आणि रासायनिक हाका घालून इतरांना बोलावतात. त्यावर फायब्रिनच्या धाग्यांचे जाळे विणले जाते. बोट कापल्यावर हेच तर आपल्याला वाचवते. तीन मिलिमीटरच्या रोहिणीत मात्र त्याने वाटच बंद होते. (जाळीच्या तारांमागे रक्त मंदावते, भोवरे धरते आणि गुठळीला आयताच आसरा मिळतो. एवढा वाटा माझ्या विषयाचाही आहे.)

डॉक्टरांनाही हे ठेच लागूनच उमगले. माणसाच्या हृदयरोहिणीत पहिले स्टेंट 1986 साली फ्रान्स व स्वित्झर्लंडमध्ये बसवले गेले. 1991 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत 105 रुग्णांपैकी 25 जणांचे स्टेंट पूर्ण बंद पडलेले आढळले, बहुतेक पहिल्या चौदा दिवसांत. फायब्रिन रोखणारी वॉरफरीनसारखी औषधे पुरेशी पडत नव्हती. मग मोर्चा रक्तबिंबिकांकडे वळला. 1998 साली प्रसिद्ध झालेल्या 1653 रुग्णांच्या अमेरिकी चाचणीत 30 दिवसांत मृत्यू, झटका, गुठळी किंवा पुन्हा उपचार यांपैकी काही ओढवण्याचे प्रमाण नुसत्या ॲस्पिरीनने 3.6 टक्के, जोडीला वॉरफरीन दिल्यास 2.7 टक्के, आणि रक्तबिंबिकांवरचेच दुसरे औषध टिक्लोपिडीन दिल्यास अवघे 0.5 टक्के होते.

ॲस्पिरीनची गंमत पाहा. हाक घालण्याचे रसायन ज्या विकराने बनते, तो विकरच ते कायमचा निकामी करते. रक्तबिंबिकेला केंद्रक नसल्यामुळे ती नवा विकर बनवू शकत नाही. पण तिचे आयुष्य आठ-दहा दिवसांचे! रोज सुमारे दहावा हिस्सा नव्या, ताज्या दमाच्या रक्तबिंबिका येतात. गोळी चार-पाच दिवस चुकली की निम्मे सैन्य पुन्हा सज्ज. त्यात आजच्या औषध लावलेल्या स्टेंटवर नवे अस्तर चढायला अधिक वेळ लागतो. म्हणून दोन गोळ्या कित्येक महिने आणि त्यांतली एक बहुधा पुढेही चालू ठेवतात. किती काळ, ते हृदयरोगाचे डॉक्टरच ठरवतात.

मुलांना सोपी उपमा हवी, असे कोणी म्हणेल. हवीच, पण अर्धी उपमा घरात औषधाचा निर्णय घेऊ लागते, हे मी पाहिले आहे. तुमच्या आजोबांना स्टेंट असेल तर त्यांना हे अस्तराचे प्रकरण आज सांगा.

मामांनी ती दाढ पुढे काढली, दंतवैद्य आणि हृदयाचे डॉक्टर यांचे आपसांत बोलणे झाल्यावर. गोळ्या चालूच होत्या. कापसाचा बोळा जरा जास्त वेळ दाबून धरावा लागला, इतकेच.